व्हर्च्युअल मशीन बूट होत नाही, की बूट होऊनही सापडत नाही?

‘व्हेग्रंट अप’ दिलं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा संगणक) उभं करणाऱ्या व्हेग्रंट या साधनाला ते सुरू करायला सांगितलं. टर्मिनलवर ‘कनेक्शन रीसेट, रीट्राइंग’ अशा ओळी येत राहिल्या आणि पाच मिनिटांनी लाल अक्षरांत उमटलं की मशीन बूट होण्याची वाट पाहून मुदत संपली. अशा वेळी हात आपसूक ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’कडे जातो. मशीन पुसायचं, नव्याने उभं करायचं. अर्धा तास जातो, पण चालतं. आणि काही दिवसांत तोच संदेश पुन्हा.

तो पुन्हा येतो, कारण बिघाड बहुतेक वेळा मशीनच्या आत नसतोच. तो होस्टवर, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकावर असतो किंवा होस्ट आणि गेस्ट (आतलं मशीन) यांच्यामधल्या वाटेवर. पुसून मशीन नवं होतं, वाट मात्र तीच राहते. शिवाय हा संदेश दिशाभूल करणारा आहे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की ३०० सेकंदांत होस्टला गेस्टमध्ये एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायच्या सुरक्षित वाटेने, शिरता आलं नाही. मशीन बूटच झालं नाही, की व्यवस्थित बूट होऊन लॉगिन मागत उभं आहे, हे त्यातून कळत नाही. आणि या दोन दुखण्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

म्हणून पहिलं काम: मशीनचा स्क्रीन उघडून बघा. व्हेग्रंट मशीनला हेडलेस, म्हणजे खिडकीशिवाय चालवतं. मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅनेजरमध्ये चालू मशीन निवडून ‘शो’ दाबलं की खिडकी दिसते. नेहमीच बघायची असेल तर व्हेग्रंटफाइल या सेटिंगच्या फाइलीतल्या प्रोव्हायडरच्या (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ब्लॉकमध्ये जीयूआयची किंमत ‘ट्रू’ करा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. खिडकी उघडतच नाही आणि एरर येतो. खिडकी उघडते पण बूट मध्येच अडकलेलं असतं. किंवा लॉगिन मागणारी ओळ शांतपणे लुकलुकत असते. पुढचं सगळं या तिनांवर आहे.

मशीन सुरूच होत नाही

इथे लॉग वाचल्याशिवाय काही करू नये. मशीनच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ नावाचं फोल्डर असतं, त्यातली ‘व्हीबॉक्स.लॉग’ ही ताजी फाइल. आधीच्या तीन वेळांच्या फाइली १, २, ३ असे आकडे लावून तिथेच ठेवलेल्या असतात. त्यामुळे काल चाललेलं मशीन आज बंद पडलं, तर दोन फाइली शेजारी ठेवून फरक पाहता येतो. ‘व्हीईआरआर’ने सुरू होणारा पहिला कोड शोधा. शेवटचा नको, पहिला. नंतरचे बहुतेक त्याच्याच मागे येणारे असतात.

प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा बायोसमध्ये बंद असणं हे सगळ्यात साधं कारण. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू निवडला की ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर इनेबल्ड की डिसेबल्ड ते लिहिलेलं असतं. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’च्या उत्तरात व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसायला हवं. बायोसमध्ये इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ अशा नावाने हा पर्याय सापडतो. महिनोन्‌महिने चाललेला सेटअप अचानक इथे अडला, तर बायोस अपडेट झालं का ते आठवा. अपडेटनंतर सगळी सेटिंग्ज मूळ पदावर येऊ शकतात.

विंडोजवर दुसरा वाटेकरी असतो हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स), डॉकर डेस्कटॉप, विंडोज सँडबॉक्स किंवा कोअर आयसोलेशनमधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ यांपैकी काहीही चालू केलं की मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) बूटच्या वेळीच प्रोसेसरची ही सुविधा ताब्यात घेतो. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून त्याच्या डोक्यावर बसून चालू शकतं, पण मंद. याची खूण मशीनच्या खिडकीतच दिसते: खालच्या पट्टीत उजव्या बाजूला हिरव्या कासवाचं चित्र. ‘व्हीबॉक्स.लॉग’मध्येही लिहिलेलं असतं की व्हीटी-एक्स उपलब्ध नाही, म्हणून ‘एनईएम’कडे, म्हणजे हायपर-व्हीच्या आधाराने चालण्याकडे, वळत आहे. कासव दिसत असेल तर ३०० सेकंदांत बूट न होण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. मशीन बिघडलेलं नसतं, नुसतं हळू चालत असतं. तपासायला व्हेग्रंटफाइलमध्ये बूट टाइमआउट ६०० करून बघा. तेवढ्याने मशीन लागलं, तर बाकी कुठे शोधायची गरज नाही.

कासव घालवायचं तर ॲडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमध्ये ‘बीसीडीएडिट /सेट हायपरवायझरलाँचटाइप ऑफ’ देऊन संगणक रीस्टार्ट करायचा. परत आणायचं तर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑटो’. पण ‘ऑफ’ केल्यावर डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारं डॉकर डेस्कटॉप बंद पडतं, हे आधी माहीत असू द्या. एका लॅपटॉपवर दोन्ही पूर्ण वेगाने हवेत, हा हट्ट सोडलेला बरा. रोजचं काम डॉकरवर असेल तर मशीन हायपर-व्ही प्रोव्हायडरवर नेणं हाच टिकणारा मार्ग. नाही तर कुठल्याशा इन्स्टॉलरने हायपर-व्ही पुन्हा चालू केलं, की आजचीच शोधाशोध परत करावी लागते.

लिनक्स होस्टवर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि सोबत उणे १९०८ हा आकडा आला, तर जवळपास नक्कीच कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालेलं आहे. व्हर्च्युअलबॉक्सचं ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावं लागतं, आणि त्यासाठी चालू कर्नलचे हेडर्स हवेत. ‘युनेम -आर’ने कर्नलची आवृत्ती पाहा, तिचेच हेडर्स बसवा, डीकेएमएस (मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन) बसवा, मग रूट म्हणून ‘व्हीबॉक्सकॉन्फिग’ चालवा. डीकेएमएस आणि हेडर्सचं मेटा-पॅकेज असेल तर पुढच्या अपडेटला हे काम आपोआप होतं. नुसत्या एका आवृत्तीचे हेडर्स बसवून थांबलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल बांधलं गेलं तरी सही नसल्याने कर्नल ते घेत नाही. किल्ली तयार करून ‘एमओकेयूटिल’ने तिची नोंदणी करायची, रीस्टार्ट करायचं आणि बूटआधी येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून नोंदणीच्या वेळी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. हा पडदा फार वेळ थांबत नाही आणि लक्ष नसेल तर निघून जातो. मग सगळं बरोबर करूनही मॉड्यूल चढत नाही.

कर्नल ६.१२ पासून लिनक्सवर आणखी एक अडचण सुरू झाली. आधी केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशनचं मॉड्यूल पहिलं केव्हीएम मशीन सुरू होईपर्यंत प्रोसेसरला हात लावत नसे. आता मॉड्यूल लोड होताच ते व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं. त्यामुळे एकही केव्हीएम मशीन चालू नसताना व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीटी-एक्स दुसरा हायपरवायझर वापरतोय’ असं सांगतं. तात्पुरता उपाय: ‘मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’, एएमडीवर ‘केव्हीएम_एएमडी’. कायमचा उपाय: ग्रब या बूट लोडरमधल्या कर्नलच्या ओळीत ‘केव्हीएम.इनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ घालून ग्रब अपडेट करणं.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर इंटेलसाठी बनवलेली इमेज व्हर्च्युअलायझेशनने चालत नाही, सेटिंग काहीही करा. एआरएम ६४ ची इमेज घ्यावी लागते. सहकाऱ्याच्या इंटेल लॅपटॉपवर चालणारी व्हेग्रंटफाइल जशीच्या तशी आणली की अडते ती इथेच.

शेवटची साधी शक्यता म्हणजे ‘सेव्हड’ अवस्थेतलं मशीन. झोपवून ठेवलेल्या मशीनची मेमरी जुन्या आवृत्तीत साठवलेली असते. मध्ये व्हर्च्युअलबॉक्स अपडेट झालं किंवा प्रोसेसरची सेटिंग बदलली की ती परत चढत नाही. ‘डिस्कार्ड सेव्हड स्टेट’ करा. डिस्कवरचं काही जात नाही, फक्त मेमरीत जे उघडं होतं ते जातं. चालू संगणकाची वीज गेल्यासारखंच समजा.

बूट मध्येच अडकतं

खिडकीत ‘नो बूटेबल मीडियम’ दिसलं तर डिस्क जोडलेली आहे का आणि ईएफआयची (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीची) खूण योग्य आहे का ते पाहा. ईएफआयने बसवलेली डिस्क साध्या बायोसवर उठत नाही आणि उलटही नाही. हाताने नवं मशीन बनवून जुनी डिस्क जोडली की हे हमखास होतं.

ग्रबचा मेनू तसाच उभा असेल, तर मागचं बूट अर्धवट राहिलेलं होतं. लॅपटॉपचं झाकण बंद केलं, बॅटरी संपली, मशीन धाडकन बंद झालं, की ग्रब पुढच्या वेळी ‘मागे काहीतरी चुकलं’ म्हणून थांबून विचारतं. हेडलेस मशीनला उत्तर देणारं कुणी नसतं. गेस्टमधल्या ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट’ ५ सेकंद करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

आता सगळ्यात जास्त छळणारी जागा. खिडकीत ‘वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड’ ही ओळ, तिच्यापुढे लाल तारे इकडून तिकडे सरकतायत आणि सेकंद मोजले जातायत. ही ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ सेवा मूळ सेटिंगने १२० सेकंद वाट पाहते. ३०० सेकंदांच्या मुदतीतली दोन मिनिटं इथेच गेली. ती थांबते, कारण नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाइलीत एखादं असं नेटवर्क कार्ड लिहिलेलं असतं जे मशीनमध्ये नाही, किंवा आहे पण त्याला पत्ता मिळत नाही.

नावं नीट लक्षात ठेवण्यासारखी आहेत. व्हर्च्युअलबॉक्सच्या उबुंटू-डेबियन गेस्टमध्ये पहिलं कार्ड सहसा ‘ईएनपी०एस३’, दुसरं ‘ईएनपी०एस८’, तिसरं ‘ईएनपी०एस९’. हायपर-व्हीवरून आणलेल्या फाइलीत ‘ईथ०’ असेल तर ते इथे कधीच सापडणार नाही. ‘आयपी लिंक’ने खरी नावं पाहा आणि ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मधल्या फाइलीशी ताडा. क्लाउड-इनिट या पहिल्या बूटला सेटिंग करणाऱ्या साधनाने बनवलेल्या फाइलीत कार्डाचा मॅक पत्ताही (कार्डाचा ओळख क्रमांक) लिहिलेला असतो. मशीन क्लोन केलं आणि मॅक बदलला की नाव बरोबर असूनही कार्ड उठत नाही. तो मॅक दुरुस्त करा. जे कार्ड बूटसाठी गरजेचं नाही, म्हणजे सहसा दुसरं, फक्त होस्टशी बोलणारं होस्ट-ओन्ली कार्ड, त्याच्याखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहा. मग बूट त्याच्यासाठी अडत नाही.

वेट-ऑनलाइन सेवा बंद करून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. करू नका. बूट वेगाने होतं खरं, पण ज्या सेवांना सुरू होताना नेटवर्क हवंच असतं, त्या पत्ता मिळण्याआधी उठतात आणि पडतात. मग कधी चालणारा, कधी न चालणारा डेटाबेस दुरुस्त करत बसावं लागतं.

‘इमर्जन्सी मोड’ दिसला तर ‘एफएसटॅब’ (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कची यादी) पाहा. त्यातली एखादी डिस्क नसेल तर सिस्टमडी ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. वरचेवर होणारा प्रकार म्हणजे शेअर्ड फोल्डरची ‘व्हीबॉक्सएसएफ’ ओळ. गेस्टचं कर्नल अपडेट झालं, गेस्ट ॲडिशन्सचं मॉड्यूल त्याच्यासाठी बांधलं गेलं नाही, माउंट फसलं, बूट थांबलं. अशा ओळीत ‘नोफेल’ हवंच. उबुंटूमध्ये रूटला पासवर्ड नसल्याने इमर्जन्सी मोड बऱ्याचदा कन्सोलही देत नाही. तेव्हा ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतलं ‘आरओ’ काढून ‘आरडब्ल्यू’ करा, शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. ‘एफएसटॅब’मधली ती ओळ हॅश लावून बंद करा, ‘सिंक’ द्या आणि मशीन रीसेट करा.

होस्टची डिस्क भरली तर व्हर्च्युअलबॉक्स मशीन ‘पॉज’ करतं. वाढत जाणाऱ्या प्रकारच्या डिस्कला पुढे जागाच नसते. होस्टवर जागा करून ‘रिझ्यूम’ करा. घाबरून बंद करू नका.

लॉगिन मागतंय, पण पोहोचता येत नाही

इथे आलात म्हणजे मशीन ठणठणीत आहे. आता फक्त वाट शोधायची.

आधी एनएटीचा, म्हणजे होस्टच्या आड राहून बाहेर जाणाऱ्या नेटवर्कचा, नकाशा डोक्यात पक्का हवा. एनएटीवरच्या पहिल्या कार्डाला पत्ता मिळतो १०.०.२.१५. त्याचा गेटवे १०.०.२.२ आणि डीएनएस १०.०.२.३. एकाच वेळी चार मशीन चालू असतील तर चारही मशीनला १०.०.२.१५ च मिळतो, आणि ते चूक नाही. प्रत्येक मशीनचं एनएटी स्वतंत्र, एकमेकांपासून तुटलेलं असतं. म्हणून होस्टवरून १०.०.२.१५ ला पिंग केलं तर उत्तर येणार नाही, कधीच नाही. तिथे जाणारी वाट बांधलेलीच नसते. आत जायचा रस्ता एकच: पोर्ट फॉरवर्डिंग. व्हेग्रंट होस्टच्या २२२२ वरून गेस्टच्या २२ वर एक पोर्ट नेमून ठेवतं, तोच.

दुसऱ्या मशीनने २२२२ आधीच घेतला असेल, तर व्हेग्रंट न विचारता २२०० ते २२५० मधला मोकळा पोर्ट निवडतं. इथे गडबड होते. एडिटरमध्ये किंवा एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये २२२२ कायमचा लिहिलेला असतो, मशीन वेगळ्या क्रमाने सुरू होतात आणि लॉगिन भलत्याच मशीनमध्ये होतं, किंवा ‘होस्ट की बदलली आहे’ अशी मोठी धोक्याची सूचना येते. ‘व्हेग्रंट पोर्ट’ या कमांडने खरा पोर्ट कळतो. दोन-तीन प्रकल्प रोज चालत असतील तर प्रत्येकाच्या व्हेग्रंटफाइलमध्ये एसएसएचचा होस्ट पोर्ट ठरवून लिहा.

आता त्या ‘कनेक्शन रीसेट’च्या ओळी नीट बघू, कारण त्या कळल्या की एनएटीचे अर्धे प्रश्न सुटतात. होस्टवर २२२२ वर कान देऊन बसलेला असतो तो व्हर्च्युअलबॉक्स स्वतः, गेस्ट नव्हे. गेस्ट अजून ग्रबमध्ये असला तरी होस्टवरचं कनेक्शन लगेच स्वीकारलं जातं. मग व्हर्च्युअलबॉक्स ते आत न्यायला बघतं, आत ऐकणारं कुणी नसतं आणि ते कनेक्शन तोडलं जातं. म्हणून सुरुवातीच्या पाच-सात ‘रीसेट’ ओळी अगदी नॉर्मल आहेत.

हीच गोष्ट वेब सर्व्हरच्या बाबतीत होते तेव्हा माणसं गोंधळतात. गेस्टमध्ये सर्व्हर ३००० वर चालू आहे, आतून ‘कर्ल’ केलं तर पान येतं. होस्टवरून १२७.०.०.१:३००० ला ‘कर्ल’ केलं तर ‘कनेक्टेड’ म्हणतं आणि पुढच्याच ओळीत ‘एम्प्टी रिप्लाय’ किंवा ‘रीसेट बाय पीअर’. कनेक्ट झालं म्हणजे नेटवर्क बरोबर, असं वाटतं. पण कनेक्ट झालं ते व्हर्च्युअलबॉक्सशी. गेस्टमध्ये ‘एसएस -टीएलएनपी’ द्या आणि ३००० च्या ओळीत डावीकडचा पत्ता वाचा. तिथे १२७.०.०.१ असेल तर सर्व्हर फक्त गेस्टच्या आतल्यांचं ऐकतोय. फॉरवर्ड केलेलं कनेक्शन मात्र १०.०.२.१५ वर येऊन ठेपतं आणि तिथे दार बंद. सर्व्हर ०.०.०.० वर चालवा. बहुतेक डेव्हलपमेंट सर्व्हरना त्यासाठी ‘होस्ट’ किंवा ‘बाइंड’ असा पर्याय असतो. गेस्टच्या फायरवॉलला हात लावण्याआधी ही एक ओळ वाचाच.

‘रिफ्यूज्ड’ आलं तर होस्टच्या त्या पोर्टवर कुणीच ऐकत नाही: फॉरवर्डिंगचा नियम नाही, किंवा मशीन बंद आहे. ‘टाइम्ड आउट’ आलं तर पॅकेट वाटेत गिळलं जातंय: फायरवॉल, चुकीचा रूट (पॅकेटचा मार्ग) किंवा व्हीपीएन. हे तीन शब्द वेगवेगळ्या जागी बोट दाखवतात. ‘कनेक्ट होत नाही’ एवढंच कुणाला कळवू नका, नेमका शब्द कळवा.

विंडोजवर पोर्ट कुणीच वापरत नसतानाही ‘परवानगी नाही’ म्हणून फॉरवर्ड होत नसेल, तर तो पोर्ट राखीव पट्ट्यात गेलेला असतो. ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी’ ही कमांड ते पट्टे दाखवते. विंडोजची एनएटी सेवा असे पट्टे उचलते आणि रीस्टार्टनंतर ते बदलतात. काल चाललेला पोर्ट आज न चालण्याचं कारण हेच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘नेट स्टॉप विननॅट’ आणि मग ‘नेट स्टार्ट विननॅट’ केलं की सहसा पोर्ट मोकळा होतो. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरला मिळत नाही. ८० ऐवजी ८०८० घ्या.

‘ऑथेंटिकेशन फेल्युअर, रीट्राइंग’ ही ओळ आली तर नेटवर्क सोडा, ते चालू आहे. अडलंय किल्लीपाशी. व्हेग्रंट पहिल्या बूटला सगळ्यांना माहीत असलेली सार्वजनिक किल्ली काढून त्या मशीनची खास किल्ली बसवतं आणि ती प्रकल्पाच्या ‘.व्हेग्रंट’ फोल्डरमध्ये ‘प्रायव्हेट_की’ नावाने ठेवतं. ते फोल्डर पुसलं गेलं किंवा मशीन दुसऱ्या लॅपटॉपवर नुसतं कॉपी केलं, की किल्ली आणि कुलूप जुळत नाहीत. गेस्टच्या खिडकीतून लॉगिन करा, ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये योग्य सार्वजनिक किल्ली घाला. ‘.एसएसएच’ फोल्डरची परवानगी ७००, त्या फाइलीची ६००, आणि दोन्हींचा मालक तोच युजर. मालक रूट राहिला तर सगळं बरोबर दिसूनही लॉगिन होत नाही.

होस्ट-ओन्ली नेटवर्क

गेस्टला स्वतःचा पत्ता हवा असतो तेव्हा दुसरं कार्ड होस्ट-ओन्ली ठेवतात. मूळ सेटिंगमध्ये होस्ट १९२.१६८.५६.१ वर असतो, डीएचसीपी सर्व्हर ५६.१०० वर आणि तो ५६.१०१ पासून ५६.२५४ पर्यंत पत्ते वाटतो. हाताने पत्ता द्यायचा तर ५६.२ ते ५६.९९ मधला द्या. ५६.१ गेस्टला दिला तर होस्टशीच टक्कर.

व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅक होस्टवर होस्ट-ओन्ली पत्ते फक्त १९२.१६८.५६.०/२१ मध्ये चालतात, म्हणजे १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५. जुन्या प्रकल्पांच्या व्हेग्रंटफाइलमध्ये १९२.१६८.३३.१० असा पत्ता खूपदा सापडतो, तो या पट्ट्याबाहेर पडतो आणि ‘ॲक्सेस डिनाइड’सारखा एरर येतो. सोपा उपाय पत्ता बदलण्याचा. ते शक्य नसेल तर ‘/ईटीसी/व्हीबॉक्स/नेटवर्क्स.कॉन्फ’ ही फाइल बनवा आणि तिच्यात एक ओळ लिहा: आधी तारा, मग जागा, मग हवा तो पट्टा, उदाहरणार्थ १९२.१६८.०.०/१६. तारा विसरला तर ओळ लागू होत नाही.

होस्टवरून गेस्टला पिंग जातं पण गेस्टवरून विंडोज होस्टला जात नाही, हा प्रकार फायरवॉलचा आहे. गेटवे नसलेल्या होस्ट-ओन्ली कार्डाला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणून पब्लिक प्रोफाइल लावतं आणि बाहेरून येणारं अडवतं. सगळी फायरवॉल बंद करू नका. त्या पट्ट्यापुरता आत येण्याचा नियम लिहा.

व्हीपीएन लावल्यावर होस्ट-ओन्ली मशीन गायब होत असेल तर रूट पाहा. लिनक्सवर ‘आयपी रूट गेट १९२.१६८.५६.१०’, विंडोजवर ‘रूट प्रिंट’. पॅकेट ‘व्हीबॉक्सनेट०’ ऐवजी व्हीपीएनच्या कार्डावरून जाताना दिसलं, तर व्हीपीएनने १९२.१६८ चा पट्टा स्वतःकडे ओढलाय. काही व्हीपीएन क्लायंट स्थानिक नेटवर्क मुद्दाम तोडतात, तिथे रूट टिकवून ठेवता येत नाही. एनएटी आणि पोर्ट फॉरवर्डिंग मात्र १२७.०.०.१ वरून जात असल्याने चालू राहतं. व्हीपीएनवर रोज काम असेल तर होस्ट-ओन्लीवर विसंबू नका.

व्हीपीएननंतर आकडी पत्त्याने इंटरनेट चालतं पण नावाने नाही, तर डीएनएस. होस्टने डीएनएस बदलला, गेस्टला ते कळलं नाही. मशीन बंद करून ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम’ला ‘--नॅटडीएनएसहोस्टरिझॉल्व्हर१ ऑन’ हा पर्याय द्या. मग गेस्टचे डीएनएस प्रश्न होस्टच्या यंत्रणेकडून सुटतात आणि व्हीपीएन लावला-काढला तरी फरक पडत नाही.

ब्रिज्ड कार्ड (गेस्टला थेट बाहेरच्या नेटवर्कवर जोडणारं) वाय-फायवर असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. बरेच ॲक्सेस पॉइंट एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता मानतात. केबलवर जे चालतं ते वाय-फायवर कधी चालतं, कधी नाही.

क्लोन केलेल्या दोन मशीनना मॅक वेगळे असूनही एकच पत्ता मिळत असेल, तर ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ दोन्हींत सारखा आहे. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक नाही, तर या आयडीवरून बनवलेला आकडा देतं. क्लोनमध्ये ती फाइल ‘ट्रंकेट’ने रिकामी करा, पुसू नका, आणि रीस्टार्ट करा, नवा आयडी आपोआप बनतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पॅकेजं उतरत नाहीत, सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणतं, तेव्हा गेस्टमध्ये ‘डेट’ देऊन घड्याळ बघा. झोपेच्या तासांइतकं ते मागे राहिलेलं असतं. नेटवर्कचा त्यात काही दोष नसतो.

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी लिबव्हर्ट (लिनक्सवर केव्हीएम मशीन सांभाळणारं साधन) वापरणाऱ्यांना ‘नेटवर्क डीफॉल्ट ॲक्टिव्ह नाही’ असं दिसलं तर ‘व्हर्श नेट-स्टार्ट डीफॉल्ट’ आणि सोबत ‘व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डीफॉल्ट’. दुसरी कमांड राहिली तर प्रत्येक रीस्टार्टनंतर तेच. मशीनच्या आत पुन्हा लिबव्हर्ट बसवलं असेल तर दोन्हीकडे १९२.१६८.१२२.०/२४ येतं आणि आतलं नेटवर्क उठत नाही. आतला पट्टा बदला.

दुरुस्ती झाली असं वाटलं की ‘व्हेग्रंट हॉल्ट’ करा, होस्ट पूर्ण रीस्टार्ट करा, व्हीपीएन वापरत असाल तर आधी तो लावा आणि मग ‘व्हेग्रंट अप’ द्या. लॉगिन झाल्यावर लॅपटॉप दहा मिनिटं झोपवा, उठवा, पुन्हा एसएसएच करा. दोन्ही वेळा आत जाता आलं, तर त्या दिवसाची ‘व्हीबॉक्स.लॉग’ बाजूला कॉपी करून ठेवा. पुढच्या बिघाडाच्या वेळी शेजारी ठेवून ताडायला चालू मशीनचा लॉग हाताशी हवा.